जिप्सीच्या मागच्या ॲक्सलला लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल बसवावे का?

माळावरचा (९ मार्च)
नमस्कार. माझ्याकडे २००८ सालची मारुती जिप्सी किंग आहे. पाटण तालुक्यात आमचे शेत वर माळाला लागून आहे आणि डांबरी रस्त्यापासून शेतघरापर्यंत सुमारे दीड किलोमीटर कच्ची वाट आहे. जून ते सप्टेंबर या काळात शेवटच्या चढावर, जिथे एक ओघळ वाटेला तिरकी छेदते, तिथे गाडी हमखास अडकते. फोर व्हील ड्राइव्ह लो मध्ये घालून पहिल्या गिअरवर घेतली तरी मागचे डावे आणि पुढचे उजवे चाक जागच्या जागी फिरत राहते, आणि उरलेली दोन चाके शांतपणे उभी असतात.
डिफरेन्शियल म्हणजे ॲक्सलच्या मधला, दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच; लिमिटेड स्लिप प्रकारात एक चाक घसरले तरी दुसऱ्यालाही ओढ मिळते. एक परिचित जपानहून येणार आहेत आणि ते जुन्या जिम्नीसाठी (जिप्सीची जपानी बहीण) बनलेले, प्लेट असलेले लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल आणू शकतात. दुसरा पर्याय हेलिकल गिअरच्या प्रकाराचा आहे. हीच गाडी महिन्यातून दोनदा कुटुंबासह पुण्याला जाते, त्यामुळे महामार्गावर त्रास देणारे काही नको आहे. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शंकासुर
टायर कोणते आहेत आणि चढण्यापूर्वी हवा किती ठेवता, हे आधी सांगा. निम्मे डिफरेन्शियल हवेच्या पंपात असते.

माळावरचा
चिखलाचे टायर आहेत, गेल्या वर्षीच घेतले. ओघळीपाशी आल्यावर हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवतो. त्याने फरक पडला, पण गाडी वर गेली नाही.

जांभा (कुडाळ)
ओघळीत सिमेंटचे दोन पाइप टाका आणि वर मुरूम दाबा. प्रश्न संपला.

शंकासुर
विचारले डिफरेन्शियल, मिळाले ग्रामपंचायतीचे काम.

अर्धा_आस
थोडे मुळापासून सांगतो, कारण पुढची चर्चा त्याशिवाय भरकटेल. साधे, म्हणजे ओपन डिफरेन्शियल दोन्ही चाकांना नेहमी सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते. पुष्कळ लोक म्हणतात की ते सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाला देते, पण ते खरे नाही. फिरणारे चाक जेवढा टॉर्क पेलू शकते तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. दोन भावांच्या एकत्र खात्यासारखे समजा: वाटणी काटेकोर समान, पण रक्कम ठरवणार तो भाऊ, ज्याची पत कमी. डाव्या चाकाखाली निसरडी माती असेल आणि ते १५० न्यूटन-मीटरच (टॉर्कचे एकक) पेलत असेल, तर उजव्या चाकाखाली कातळ असला तरी त्यालाही १५० च मिळतात.
हेलिकल प्रकार कमी पकड असलेल्या चाकाच्या काही पट टॉर्क दुसऱ्याला देतो. ते गुणोत्तर २.५ धरले तर वरच्या उदाहरणात उजव्या चाकाला ३७५ मिळतील. डावे चाक हवेत असेल, तर मात्र शून्याची अडीच पट शून्यच. म्हणून माझा प्रश्न असा आहे की तुमचे डावे चाक ओघळीत जमिनीला टेकलेले असते की लटकत असते? सगळे उत्तर यावर अवलंबून आहे.

दोन_पाटे (कोल्हापूर)
यावर एवढा खर्च कशाला? अशा वेळी हँडब्रेक अर्धा ओढायचा आणि गाडी घ्यायची. आमच्याकडे सगळे हेच करतात. फिरणारे चाक थांबते आणि ताकद दुसरीकडे जाते.

अर्धा_आस
ही युक्ती ओपन डिफरेन्शियलवर चालते असे ऐकले आहे, पण हिशोबात ती बसत नाही. हँडब्रेक दोन्ही मागच्या चाकांवर सारखा लागतो. हवेतल्या चाकावर ब्रेकने १०० चा विरोध केला की दुसऱ्या चाकाला १०० मिळतात हे बरोबर, पण त्या चाकाचा ब्रेकही तेच १०० खाऊन टाकतो. जमिनीला काय मिळाले? शून्य. हेलिकल असेल तर दुसऱ्या बाजूला २५० जातात, त्यातले १०० ब्रेक खातो आणि १५० जमिनीला मिळतात. ब्रेक ३०० इतका दाबला तर ७५० मधून ३०० वजा होऊन ४५० उरतात. म्हणजे ही युक्ती खरी उपयोगी पडते ती लिमिटेड स्लिप बसवल्यानंतर.

कांदापट्टा (लासलगाव)
अर्धा_आस यांचे म्हणणे ट्रॅक्टरवाल्याला लगेच पटेल. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगळे असतात, दोन पेडल शेजारी शेजारी. चिखलात एक चाक फिरू लागले की त्याच बाजूचे पेडल दाबायचे, दुसरे चाक ओढू लागते. दोन्ही पेडल पट्टीने जोडलेली असताना दाबली तर ट्रॅक्टर फक्त थांबतो. आणि अगदीच रुतला तर दोन्ही चाके एकत्र जखडणाऱ्या डिफरेन्शियल लॉकचे पेडल पायाखाली असतेच. गाडीवाल्यांना जे आता सुचते आहे ते आमच्या वडिलांच्या ट्रॅक्टरला होते.

थारवाला_नाशिक
नव्या गाड्यांत संगणक हेच करतो. मारुती जिम्नी घ्या किंवा थार, घसरणाऱ्या एकाच चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याकडे टॉर्क वळवला जातो. माझ्या थारला त्याशिवाय मागे ईटनचे यांत्रिक लॉकिंग डिफरेन्शियल आहे. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की आतले वजनी तुकडे बाहेर फेकले जातात आणि ॲक्सल आपोआप जखडतो. पहिल्यांदा ‘खाटकन्’ आवाज झाला तेव्हा काही तुटले असे वाटून मी गाडीखाली जाऊन पाहिले होते. यात अडचण एवढीच की चाक आधी फिरावे लागते आणि तेवढ्यात चिखलात खड्डा पडतो. फोर्स गुरखाला पुढे आणि मागे दोन्हीकडे हाताने लावायचे लॉक आहेत. चढ दिसला की आधीच लावता येतात.

माळावरचा (१६ मार्च)
या शनिवारी गावी गेलो होतो. ओघळ आता कोरडी आहे, म्हणून गाडी तिथे मुद्दाम तिरकी उभी केली आणि खाली उतरून पाहिले. मागचे डावे चाक जमिनीपासून चांगले चार बोटे वर होते. मी त्याखालून चप्पल सरकवून पाहिली, ती सहज गेली. पुढचे उजवे चाक जेमतेम टेकलेले होते. म्हणजे इतकी वर्षे मी ज्याला घसरणे समजत होतो ते बहुतांशी लटकणे होते. पावसात चिखलामुळे ते लक्षात येत नव्हते.

शंकासुर
चप्पल हे या धाग्यावरील आतापर्यंतचे सर्वांत अचूक मोजमाप आहे.

दोन_पाटे
हँडब्रेकबद्दल अर्धा_आस यांचे म्हणणे मान्य. मी ज्या वेळी तो ओढला त्या वेळी बहुधा चाक थोडे फिरून कोरड्या भागावर आले असावे आणि श्रेय हँडब्रेकला मिळाले. चाक लटकते आहे याचे कारण जिप्सीचे कडक पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत. ॲक्सल पुरेसा खाली जातच नाही. पाट्यांच्या मधली गंजाची पापुद्री काढून ग्रीस लावा, शॅकलचे (पाट्याचे टोक चेसिसला जोडणाऱ्या दुव्याचे) बुश तपासा. चार बोटांची दोन बोटे झाली तरी मिळवली.

अर्धा_आस
आता प्लेटच्या प्रकाराकडे येऊ. यात स्टीलच्या चकत्या एकमेकींवर दाबलेल्या असतात आणि स्प्रिंगमुळे थोडा दाब कायम असतो, त्याला प्रीलोड म्हणतात. चाक हवेत असतानाही दुसऱ्याला काहीतरी मिळते, हा त्याचा हेलिकलवरचा फायदा म्हणून सांगितला जातो. तो ‘काहीतरी’ किती, हे पाहा. समजा जॅकवर चाक फिरवायला ७० न्यूटन-मीटर लागतात. टायरची त्रिज्या सुमारे ३३ सेंटीमीटर धरली तर जमिनीवर ओढ पडते साधारण २१ किलोंची. आतल्या रचनेमुळे ती तिप्पट होते असे मानले तरी साठ-पासष्ट किलो. माणसांसह १,२०० किलोंची गाडी पाचास एक अशा चढावर तोलून धरायलाच सुमारे २३५ किलो लागतात, आणि चिखलाचा विरोध वेगळा. पुढचा ॲक्सल थोडा वाटा उचलेल, पण तुमचे पुढचेही एक चाक हलकेच आहे. म्हणून लटकत्या चाकासाठी प्रामाणिक उत्तर लॉकर, म्हणजे दोन्ही चाके एकत्र जखडणारे डिफरेन्शियल, हेच आहे. प्लेट काय किंवा हेलिकल काय, दोन्हींना ब्रेकची मदत लागणार.

लेस्टरकर
मी इंग्लंडमध्ये असतो आणि माझी गाडी अगदी दुसऱ्या टोकाची आहे: पहिल्या पिढीची, १.६ लिटरची माझदा एमएक्स-५ ही छोटी स्पोर्ट्स कार, मूळची ओपन डिफरेन्शियलची. तिला मी नंतरच्या १.८ गाडीचे टॉर्सेन बसवले. टॉर्सेन म्हणजे हेलिकलच्याच कुळातले. अमेरिकेत व्हर्नन ग्लीसमन यांनी त्याचे पेटंट १९५८ मध्ये घेतले, त्यामुळे याला कोणी नवे फॅड म्हणू नये. मला वाटले होते की एक डबा काढून दुसरा लावायचा. प्रत्यक्षात १.८ चे डिफरेन्शियल आकाराने मोठे असते, म्हणून त्याबरोबर दोन्ही हाफ शाफ्ट (डिफरेन्शियलपासून चाकांपर्यंतचे दांडे) आणि प्रॉपेलर शाफ्टही (गिअरबॉक्सकडून येणारा दांडा) त्याच गाडीचे घ्यावे लागतात. शिवाय क्राउन-पिनियनचे (डिफरेन्शियलमधले मोठे चक्र आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर यांचे) गुणोत्तर ४.३ चे ४.१ झाले आणि स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालत असल्यामुळे ताशी ६० मैलांच्या वेगाला काटा ५७ दाखवू लागला. कॅमेऱ्यांच्या देशात हा फरक महागात पडतो.
रस्त्यावर मात्र फरक सुंदर आहे. ओल्या चौकातून वळताना आतले चाक भुर्रकन फिरून वाया जात असे, ते थांबले. विमा कंपनीला बदल लेखी कळवावा लागला.

कुळागर (फोंडा)
विम्याचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतील बदलांविषयी आहे. नोंदणीतील तपशील उत्पादकाने ठरवलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. डिफरेन्शियलच्या आतले कॅरिअर (क्राउन व्हील ज्यावर बसते ते कवच) आरसी बुकात लिहिलेले नसते, म्हणून कोणी विचारणार नाही, हा युक्तिवाद आमच्याकडेही सर्रास चालतो. पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक येतो तेव्हा तो गाडी उघडूनही पाहू शकतो. मी माझ्या गाडीचे काम करण्याआधी विमा कंपनीला पत्र दिले आणि त्याची पोच जपून ठेवली. आपणही तसेच करावे, असे सुचवते.

शंकासुर
आरटीओत ‘लिमिटेड स्लिप’ म्हटले की ते विचारतील, कसली स्लिप, आणि मर्यादा कोणी घातली?

भोसरीचा_फिटर
मी चाळीस वर्षे टूलरूममध्ये काढली आणि निवृत्तीनंतर मित्रांच्या जिप्सींची अशी दोन कामे हाताने केली आहेत, म्हणून बसवण्याविषयी लिहितो. युनिट कोणतेही घ्या, काम बिघडते ते बसवताना.
जिप्सीत सोय अशी की डिफरेन्शियलचा संपूर्ण गोळा होजिंगमधून (ॲक्सलच्या बाहेरच्या आवरणातून) पुढच्या बाजूने बाहेर निघतो आणि काम टेबलावर करता येते. तेल काढावे, दोन्ही हाफ शाफ्ट बाहेर ओढावेत, प्रॉपेलर शाफ्टच्या फ्लँजवर खूण करूनच तो सोडवावा. बेअरिंगच्या टोप्या डावी-उजवी कोणती, हे पंचने एक आणि दोन ठिपके मारून ठेवावे, कारण त्या जागेवरच बोअर केलेल्या असतात आणि अदलाबदल झाली की बेअरिंग नीट बसत नाही. पिनियनला हात लावू नये. आपण फक्त कॅरिअर बदलतो आहोत, त्यामुळे पिनियनची खोली जशी आहे तशीच राहू द्यावी. आणि युनिट विकत घेण्यापूर्वी हाफ शाफ्टच्या टोकावरच्या स्प्लाइनचे (खाचांचे) दाते मोजावेत. ‘सगळ्या सुझुकींना बसते’ या वाक्यावर विश्वास ठेवू नये.
क्राउन व्हील नव्या कॅरिअरवर चढवल्यावर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे काट्याचे मापक) लावून दातांतला प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, पाहायचा. या मापाच्या गाड्यांत तो ०.१० ते ०.२० मिलिमीटरच्या दरम्यान असतो, नेमका आकडा आपल्या मॅन्युअलमधून घ्यावा. एका ठिकाणी मोजून थांबू नये. माझ्या दुसऱ्या कामात तीन जागी ०.१४ आला आणि चौथ्या जागी काटा ०.२२ वर गेला. सोबतचा मुलगा म्हणाला, चालते काका, एवढे कोण बघतो. मी सगळे पुन्हा उतरवले. क्राउन व्हीलच्या बैठकीवर, बोल्टच्या भोकाच्या काठाला, नखाला जेमतेम लागेल एवढा बर (धातूचा उंचवटा) उभा होता. तेलाच्या दगडाने दोन हात मारले, रॉकेलने पुसले, पुन्हा चढवले, तेव्हा चारही जागी काटा ०.१४ ते ०.१५ मध्ये राहिला. त्यानंतर दातांना प्रशियन ब्लू (ठसा दाखवणारा निळा रंग) लावून फिरवले आणि ठसा दाताच्या मध्यावर येतो आहे याची खात्री केली. या शेवटच्या कामाला अर्धा तास लागतो आणि बहुतेक गॅरेजे तोच वाचवतात.

दोन_पाटे
फिटर काकांचा प्रत्येक शब्द खरा आहे. माझ्या भावाच्या गाडीचे काम एका गॅरेजने केले, त्यांनी क्राउन व्हीलचे जुनेच बोल्ट लॉक करणारे रसायन न लावता पुन्हा वापरले आणि टॉर्क रेंचऐवजी हाताच्या अंदाजाने आवळले. दोन महिन्यांनी एक बोल्ट सुटून दातांत गेला. होजिंगला आतून भोक पडले आणि सगळे तेल घाटात सांडले. गॅरेजवाल्याने दोष रस्त्याला दिला.

भोसरीचा_फिटर
बोल्ट नवेच घ्यावेत आणि समोरासमोरचे आवळत जावे. आणखी एक: प्लेटच्या प्रकाराला साधे तेल चालत नाही. लिमिटेड स्लिपसाठीचे जीएल-५ दर्जाचे गिअर तेल, किंवा त्यात घर्षण सौम्य करणारे वेगळे द्रव्य घालावे लागते, नाहीतर संथ वळणावर मागून कुरकुर आणि झटके येतात. हेलिकलला ही कटकट नाही.

माळावरचा (२२ जुलै)
सर्वांचे आभार, आणि उशिराबद्दल क्षमा. परिचितांनी प्लेटचे युनिट आणले, दाते मोजले, ते जुळले. भोसरीचे काका स्वतः दोन दिवस येऊन राहिले आणि काम त्यांच्या देखरेखीखाली झाले. लॉकरचा मोह होता, पण महामार्गाचा विचार करून मी प्लेटवर थांबलो.
बसवल्यावर काकांनी मला मोकळ्या मैदानावर इंग्रजी आठच्या आकड्यात संथ चकरा मारायला लावले, प्लेटा एकमेकींना सरावाव्यात म्हणून. मग तेल बदलले. काढलेले तेल राखाडी, चमचमते होते. सुरुवातीला सोसायटीच्या फाटकातून वळताना मागून येणारी कुरकुर ऐकून वॉचमन दोनदा वाकून पाहून गेला. ती आता जवळपास थांबली आहे.
ओघळीवरचा अनुभव अर्धा_आस यांच्या हिशोबाप्रमाणेच आला. पाटे साफ केल्यामुळे चाक थोडे खाली उतरते, तरी लटकतेच. नुसत्या प्लेटच्या जोरावर गाडी पुढे गेली नाही. डावे चाक फिरले, उजव्याने नुसती धडपड केली. मग हँडब्रेक तीन-चार खटके ओढला, आणि गाडी अगदी सावकाश, एखाद्या म्हशीसारखी, वर चढली. ओघळीखालच्या सरळ चिखलाच्या चढावर, जिथे दोन्ही चाके टेकलेली असतात, तिथे ब्रेकचीही गरज पडत नाही. तिथला फरक सर्वांत मोठा आहे.
तक्रारी दोन. कुंभार्ली घाटात भर पावसात टू व्हील ड्राइव्हवर वळण घेताना थोडा जास्त पाय दिला गेला आणि मागचा भाग बाहेर सरकला. पूर्वी आतले एकच चाक घसरायचे आणि बाहेरचे गाडी धरून ठेवायचे; आता दोन्ही एकदम सुटतात. आता पावसात मी पाय हलका ठेवतो. दुसरी गोष्ट पंक्चरच्या दुकानातली. मुलाने एक मागचे चाक जॅकवर उचलले आणि चाकाचा आवाज ऐकायचा म्हणून माझ्या भाच्याला गाडी सुरू करून गिअर टाकायला सांगितले. मी ओरडून थांबवले. जमिनीवरच्या चाकालाही ओढ मिळाली असती आणि गाडी जॅकवरून उडी मारून पुढे गेली असती. आता स्टेपनीच्या झाकणावर तशी सूचना रंगवून घेतली आहे. स्टेपनीही बाकीच्या टायरांच्याच मापाची आणि झिजेची ठेवतो, कारण दोन चाकांचा घेर वेगळा असला की प्लेटा सरळ रस्त्यावरही घासत राहतात.

थारवाला_नाशिक
अभिनंदन. आता पुढच्या ॲक्सललाही बसवणार का?

भोसरीचा_फिटर
पुढे नको. फोर व्हीलमध्ये असताना स्टिअरिंग जड होईल आणि ते सरळ जाण्याचा हट्ट धरेल.

जांभा
आणि माझे पाइप?

माळावरचा
आणून वाटेच्या कडेला ठेवले आहेत. पावसाने उघडीप दिली की टाकणार. दोन्ही पाइपांचा खर्च डिफरेन्शियलच्या तेलाएवढाही झाला नाही, हे घरी सांगितलेले नाही.

जांभा
व्यास किती घेतला? ३०० मिलिमीटरचा घेतला असेल तर पहिल्याच पावसात पाल्यापाचोळ्याने तुंबेल.

माळावरचा
३०० चाच आहे.